आठ नंबरचा प्लग

मी म्हैसूरहून बोलतोय, म्हणजे विषय येझदीचा असणार हे तुम्ही ओळखलंच असेल. इथल्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता, १९९६ साली बंद पडला. माझी रोडकिंग तिथलीच. २५० सीसी, टू-स्ट्रोक. सायलेन्सर दोन, पण सिलिंडर एकच आणि प्लगही एकच.

गाडीत एनजीकेचा बी७एचएस होता. उटीला जायचं ठरलं तेव्हा एका जाणकारानं सांगितलं, लांबचा पल्ला आहे, एक नंबर थंड प्लग घाल, आठ नंबर. दुकानात एनजीकेचा आठ नव्हता. त्यांनी बॉशचा डब्ल्यू८एसी दिला. आठ म्हणजे आठच की! मीही मान डोलावली.

गंमत म्हणजे गाडी एकदम सुधारली. एरवी गावातल्या गर्दीत टू-टी ऑइलनं प्लग काळा व्हायचा, किक मारून पाय दुखायचा. आता पहिल्या किकला चालू! मी खूश. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. थंड प्लग गावात जास्त काळा होतो, कमी नाही.

नंजनगूड सोडलं, रस्ता सरळ मिळाला, थ्रॉटल उघडा ठेवला. गुंडलुपेटच्या अलीकडे ताकद गेली आणि इंजिन गप्प. प्लग काढला तर पोर्सेलीन पांढरंफटक, वर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक मणी. पिस्टनला भोक पडलं होतं.

एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशच्या आताच्या पद्धतीत आकडा वाढला की गरम! आणि बॉशच्याच जुन्या १७५, २२५ या आकड्यांत पुन्हा मोठा तो थंड. म्हणजे मी थंड समजून चांगला गरम प्लग घालून निघालो होतो. गरम प्लगचं पोर्सेलीनचं नाक लांब असतं, उष्णता हेडकडे जायला वेळ लागतो. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं की ठिणगीची वाट न पाहता तेच मिश्रण पेटवतं. टू-स्ट्रोकमध्ये तर दर फेरीला स्फोट, प्लगला उसंतच नाही.

तुमच्या टर्बो कारचं रिमॅप केलंय आणि कुणी 'एक नंबर थंड घाला' म्हणालं, तरी कंपनी बदलताना तुलनेचा तक्ता बघा. आकड्यावर जाऊ नका. थ्रेडची लांबीही तीच हवी. जास्त लांब प्लग थेट पिस्टनला धडकू शकतो.

बदलताना इंजिन थंड असू द्या. आधी फुंकर मारून भोवतीची माती उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. प्लग शेवटपर्यंत हातानं फिरवा. पाना फक्त अखेरीस, नवीन वॉशर असेल तर साधारण अर्धा फेरा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर प्लगच्या किमतीत काही भागत नाही.

आता मी नवा प्लग घातला की पन्नासेक किलोमीटरनंतर काढून बघतो. फिकट तपकिरी दिसला की पुन्हा बसवतो. तो बॉशचा आठ अजून टूलबॉक्समध्ये आहे, मण्यांसकट.