बाहेरचा पाऊस, आतला घाम



वसंत व्याख्यानमालेत रेनकोटावर बोलायचे म्हणजे काहींना नवल वाटेल. त्यातून आपले वैराग पर्जन्यछायेतले. पावसाची वाट पाहण्यातच आपला निम्मा पावसाळा जातो. तथापि पहाटे बार्शी रस्त्याला जाऊन पाहावे. पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे-पोरी तिथे भेटतात. त्यांतल्या एकाने पुण्याहून महागडे जाकीट आणले आणि आम्हांला विचारले, "अण्णा, दुकानदार म्हणतो यात पाणी आत येत नाही अन् घाम बाहेर जातो. एकाच कापडातनं असं कसं हुईल?"

प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा निघाला. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेतल्या सफाई कामगारांसाठी आमच्या संघटनेने भांडून रेनकोट मिळवले. पहिल्याच पावसात कामगारांनी ते काढून गाड्याला टांगले. साहेब म्हणाले, "या लोकांना वळण नाही." आम्ही स्वतः एक अंगात घालून तासभर झाडू मारला. रेनकोट काढला तेव्हा सदरा पिळून काढावा इतका ओला! पाऊस परवडला, असे वाटले. तेव्हापासून आम्ही या कापडाच्या मागे लागलो.

माणूस धावतो किंवा झाडतो तेव्हा त्याने खर्चिलेल्या शक्तीचा चौथा हिस्सासुद्धा जेमतेम कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती घालवण्यासाठी शरीर घाम सोडते. पण घाम गळून उपयोग नाही. तो वाळला, म्हणजे त्याची वाफ झाली, तरच अंग निवते. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबर घालून पावसाचे कापड केले. त्याने थेंब अडवला, पण वाफही अडवली. आमचे नगरपालिकेचे रेनकोट याच कुळातले.

आपल्या धनगराची घोंगडी पाहा. दख्खनी मेंढीची लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ, जाडजूड वीण. डोक्यावर खोळ घेतली की रिमझिम पावसात दिवस निघतो. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि खोळ खालून उघडी, त्यामुळे वारा खेळतो. मुसळधार पावसात मात्र ती जड होते. घोंगडी घेऊन कुणी शर्यत धावणार नाही, हेही खरे.

थेंब आणि वाफ यांत फरक आहे तो आकाराचा. अमेरिकेत १९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम हिसडली. ती तुटली नाही. लांबच लांब ताणली जाऊन तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडली. थेंबाच्या मानाने हजारो पट लहान, पण वाफेच्या कणाच्या मानाने शेकडो पट मोठी! हा पातळ पडदा कापडाला चिकटवला की ते जाकीट झाले. तेव्हा दुकानदार खोटे बोलला नाही. पण त्याने हिशेब अर्धाच सांगितला.

उरलेला हिशेब आपण करू. जाकिटाच्या चिठ्ठीवर १०,००० असा आकडा असतो. म्हणजे चौरस मीटरमधून चोवीस तासांत दहा किलो वाफ. तासाला झाली सुमारे ४०० ग्रॅम. जाकीट दीड चौरस मीटरचे धरले तर ६०० ग्रॅम. धावणारा माणूस तासाला लिटरभर किंवा जास्तही घाम गाळतो. उरलेला घाम जाणार कुठे? शिवाय हा आकडा प्रयोगशाळेतला. वाफ दाटीकडून विरळाकडे जाते. बाहेर पाच अंशांची थंडी असेल तर ओढ मोठी; आपल्या पावसात बाहेर पंचवीस अंश आणि हवा दमट, म्हणजे ओढ ढोबळमानाने निम्मी. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात पावसाळी दिवसांत शर्यत होते, तिथे धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक. जाकिटावरून थेंब मोत्यासारखे ओघळतात ते वरच्या लेपामुळे. तो झिजला की वरचे कापड भिजते, वाफेची वाट बुजते. माणूस घामाने ओला होतो आणि म्हणतो, जाकीट गळतेय.

हा लेप पुष्कळदा फ्लोरिनयुक्त द्रव्यांचा असे. त्यांतल्या पीएफओए या द्रव्याला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मानवात कर्करोगकारक ठरवले. इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना अशी द्रव्ये करी. तिथले भूजल नासले, २०१८ साली कारखान्याचे दिवाळे निघाले, जून २०२५ मध्ये कोर्टाने अकरा जणांना शिक्षा दिल्या. यंत्रे मात्र लिलावात विकली गेली आणि कुठे आली? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला! फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून नेहमीच्या कपड्यांत या द्रव्यांना बंदी केली. गोअर कंपनीनेही २०२२ पासून निराळा पडदा काढला आहे. लोट्याच्या कामगारांचे रक्त नियमित तपासले जावे, ही मागणी आम्हांला रेनकोटाच्या विषयाबाहेरची वाटत नाही.

सफाई कामगारांच्या मागणीपत्रात आम्ही आता नुसते 'रेनकोट' लिहीत नाही. पाठीवर झाप आणि तिच्याखाली हवेला वाट, बगला उघड्या, अंगाला सैल, असे लिहितो. साहेबांनी विचारले, एवढे कशाला? आम्ही उकळत्या पाण्याचा पेला त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यावर जुन्या रेनकोटाचा तुकडा ताणला आणि वर आरसा धरला. आरशावर धुके आले नाही. मग घोंगडीचा तुकडा धरला. आरसा लगेच धुरकटला.

त्या पोराला आम्ही सांगितले, १६०० मीटर बनियनवर पळ, आणि कोरडा सदरा पिशवीत ठेव. त्याचे जाकीट हल्ली त्याचा बाप वापरतो. पौषातल्या रात्री वीज येते तेव्हा ज्वारीला पाणी द्यायला तो ते घालून जातो. गार वारा, पाण्याचे शिंतोडे, हळूहळू चालायचे. तिथे ते झकास चालते, म्हणतो.