दगड वाचावा खालून वर

साखरशेत, जव्हार, मोखाडा या भागात वाघबारशीला तुम्ही ज्या वाघदेवाला नारळ फोडता, त्याच्यावर वाघासोबत चंद्र-सूर्यही कोरलेले असतात. हीच जोडी महाराष्ट्रभर जुन्या देवळांच्या आवारात उभ्या असलेल्या वीरगळांच्या माथ्यावर दिसते. वीरगळ म्हणजे लढता लढता मेलेल्याच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. तो कसा बघायचा, ते आज सांगतो.

सुरुवात तळापासून करा. सगळ्यांत खालच्या कप्प्यात बहुधा मरण असतं, वीर आडवा पडलेला. तिथे गाई कोरल्या असतील तर तो गुरं सोडवताना गेला, असं समजायचं. त्यावर लढाई. आणखी वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, आणि शेवटी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावरचे चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याचं नाव राहील, ही त्यामागची भावना. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. तिच्या कोरीवकामाचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते.

आता कारागिराचा हात बघा. आपला काळा पाषाण ज्वालामुखीतून आलेला आणि टणक, म्हणून आकृत्या ठसठशीत आणि तपशील मोजके. आर्मेनियाही ज्वालामुखीचाच मुलूख, पण तिथला राखेपासून बनलेला टफ दगड मऊ. त्यात क्रूसाभोवती लेससारखी नाजूक नक्षी उतरते. त्या क्रूसशिळा म्हणजे खाचकार. १९१५च्या आर्मेनियन नरसंहारात देशोधडीला लागलेल्यांच्या वस्त्यांनी परमुलखातही खाचकार उभारले. २०१० साली युनेस्कोने ही कला मानवाच्या वारशात नोंदवली. खाचकारावर सहसा लढाईची गोष्ट नसते, क्रूस आणि वेलबुट्टी असते. आपला शिल्पी मात्र घडलेला प्रसंगच सांगत बसतो.

त्यासाठी बोरिवलीजवळचं एकसर गाठा. तिथल्या वीरगळांवर चक्क आरमारी लढाई आहे! शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची, तेराव्या शतकातली, असं काही अभ्यासक मानतात. राजे जरा बाजूला ठेवा आणि वल्ह्यांच्या रांगा बघा. दगडातली जहाजं त्यांच्यामुळेच चालू लागतात.

वीरगळ बघायला सकाळी नाहीतर संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात उठाव खुलतो. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. शेंदूर असेल तर खरवडू नका, तो देव पूजेतला आहे. ऑइलपेंट फासलेला असेल तर मात्र गावकऱ्यांशी दोन शब्द जरूर बोला.