चेहरा काळा पडतो तो कुणामुळे?

(विद्यार्थ्यांच्या व्हिडिओ शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या फिल्मा पाहिल्या. बाई बोलतेय, दात दिसतायत, चेहरा नाही. मागची चुन्याची भिंत मात्र लख्ख. आणि आवाज पंख्याचा. विचारलं की म्हणता, ती काळी आहे आणि आमच्याकडं लायटी नाहीत.

दोन्ही सबबी खोट्या.

यंत्राला जात नसते असं आपण धरून चालतो. पण ते बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुणाचा चेहरा होता? १९५०च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटोच्या लॅबना नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई. तिला 'शर्ली' म्हणत. तिची कातडी बरोबर उतरली की मशीन बरोबर, बाकीच्यांनी जावं मसणात. पुढं ७०च्या दशकात फिल्म सुधारू लागली ती काळ्या माणसांच्या कळवळ्यानं नाही. कंपनीतल्याच माणसांनी नंतर सांगितलं, की चॉकलेटवाले नि फर्निचरवाले ओरडत होते, आमच्या मालाचा तपकिरी रंग नीट येत नाही. लाकडाच्या कपाटाचा वट माणसापेक्षा जास्त!

आता तुमच्या मोबाइलची खोड ऐका. ऑटोवर असला की तो समोरच्या उजेडाची सरासरी काढतो नि ती मधल्या राखाडीवर आणून ठेवू बघतो. मागं पांढरी भिंत असली की तो उजेड कापतो, चेहऱ्याचा कोळसा होतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक करा. बाईला भिंतीपासून दोन पावलं पुढं घ्या. निळी-हिरवी भिंत मिळाली तर सोनंच, नि आपल्या वस्तीत ती मिळतेच.

लाइट? दार आहे ना! दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन पावलांवर, उजेड एका गालावर येईल असं बसवा. दुसऱ्या बाजूला दोरीवर पांढरी चादर. आतला पिवळा बल्ब विझवा, नाहीतर अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. सावळ्या कातडीला तुकतुकी असते, ती बाजूच्या मोठ्या, मऊ उजेडातच पकडता येते. समोरून नागडा बल्ब मारलात तर कपाळ नि नाक चमकतं, बाकी सपाट, पोलिस ठाण्यातल्या फोटोसारखं. पावडर नको. ब्यूटी फिल्टर तर बिलकूल नको. तो कुणाला सुंदर मानतो ते एकदा आपल्याच थोबाडावर लावून बघा. रात्री जुन्या ट्यूबखाली पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५०, फ्रेम २५ ठेवा. झालं.

आवाज हा माझ्या मते मोठा प्रश्न. खराब चित्र लोक चालवून घेतात. पण ऐकूच न येणाऱ्या बाईपुढं कोण बसणार? झोपडी पाडली तो दिवस ती एकदाच सांगते. पुन्हा तुमच्यासाठी रडून दाखवणार नाही.

माइक लांब तेवढा आवाज मेला: अंतर दुप्पट, की ६ डेसिबल खाली. वर ऑटोची मेहरबानी. बाई गप्प झाली की यंत्र आवाज वर खेचतं नि नळावरचं भांडण आत घुसतं. दुसरा मोबाइल घ्या, फ्लाइट मोडवर टाका, रेकॉर्डिंग लावून तिच्या तोंडापासून दीड-दोन विती अंतरावर, चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर चित्र नि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, गोधड्या टांगा. पंखा बंद करायला सांगा, पण दर पाच मिनिटांनी परत लावा. म्हातारीला उकडतंय, तिच्या जिवावर फिल्म नको.

आणि वस्तीचा आवाज हाकलून लावू नका. लोकल, नळ, पोरं सगळं घ्या, पण वेगळं, नुसतंच अर्धा मिनिट. किती वाजवायचं ते तुमच्या हातात राहील.

निघायच्या आधी तिथंच इअरफोन लावून ऐका. तिलाही ऐकवा. एखादं वाक्य काढा म्हणाली तर तिच्यासमोर काढा.