निघणाऱ्यांशी चार शब्द



पदवी मिळाली की घरीदारी एकच प्रश्न सुरू होतो, ‘पुढे काय?’ तुमच्यातल्या एखाद्याला मात्र सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटत असेल. आज मी त्याच्याशी आणि तिच्याशी बोलणार आहे.

ख्रिस मॅककँडलेस १९९० साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचा पदवीधर झाला. शिल्लक असलेले सुमारे २४,००० डॉलर त्याने ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेला दिले, घरी काही न सांगता निघाला आणि वाटेत खिशातल्या नोटाही जाळल्या. शाळेत असताना वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरच्या बेघरांना खाऊ घालणारा हा मुलगा. वडिलांच्या पूर्वायुष्यातली एक गोष्ट घरात दडवली गेल्याचं त्याला कळलं आणि मोठ्यांच्या बोलण्या-वागण्यातलं अंतर सोसेनासं झालं. खरेपणाच्या या भुकेनेच त्याला बाहेर काढलं.

एप्रिल १९९२ मध्ये थोडा तांदूळ, एक रायफल आणि पुस्तकं घेऊन तो अलास्काच्या रानात शिरला. जुलैत परत फिरला, तेव्हा तेक्लानिका नदी दुथडी भरून वाहत होती. मैलभराच्या आतच नदी ओलांडण्यासाठी तारेवरचा पाळणा होता. चांगला नकाशा जवळ नसल्याने त्याला तो माहीत नव्हता. ऑगस्टमध्ये, चोविसाव्या वर्षी, उपासमारीने तो गेला. आनंद वाटून घेतला तरच खरा, अशी नोंद त्याने शेवटच्या दिवसांत एका पुस्तकाच्या समासात केली होती.

असाच एक तरुण आपल्याकडेही घराबाहेर पडला होता. आपल्या गागोद्याच्या विनायक भाव्यांनी आईच्या चुलीत प्रमाणपत्रं जाळली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरून काशीला गेला. मनात हिमालय होता, बंगालची क्रांतीही होती. काशीत गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचून त्याने पत्राने शंका विचारल्या. उत्तर आलं, त्यावर पुन्हा विचारल्या. मग थेट गांधीजींचा कोचरबचा आश्रम गाठला. बापू भाजी चिरत होते. त्यांनी एक सुरी त्याच्याही हाती दिली. पुढे विनोबा म्हणून ओळखल्या गेलेल्या याच तरुणाने भूदानासाठी वर्षानुवर्षं गावोगाव पायपीट केली.

दोघांच्या मनातली तळमळ सारखीच अस्सल होती. विनोबांनी आपले प्रश्न दुसऱ्या माणसापुढे ठेवले आणि त्यातून त्यांना वाट सापडली. ख्रिसने आपले प्रश्न एकट्यानेच वाहिले.

पालकांनो, मूल असं काही बोलू लागलं तर ‘हे खूळ डोक्यातून काढ’ म्हणून विषय संपवू नका. त्याचा प्रश्न आपल्याच वागण्याबद्दलचा असेल, तर खरं उत्तर द्या.

आणि मित्रमैत्रिणींनो, निघायचं असेल तर जरूर निघा. नकाशा घ्या, तिथल्या माणसांना नदी-नाल्यांची माहिती विचारा, कुठे चाललात हे एकाला तरी सांगून जा. ज्याच्यापुढे मनातल्या शंका मोकळेपणाने मांडता येतील असा माणूस शोधा, आणि त्याने काम दिलं तर ते मनापासून करा.