शिकलेल्या पोरांनी कुणाच्या बाजूला उभं राहायचं?

(बीड जिल्ह्यातील विद्यार्थी-कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



आज इथं कॉलेजातली पोरं बसलीत, आणि गायरानावरचं काम टाकून आलेली माणसंही बसलीत. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, त्यावर आम्ही बोलणार आहोत. त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

अमेरिकेनं व्हिएतनामवर युद्ध लादलं, तेव्हा तिथं सक्तीची लष्करभरती होती. पण कॉलेजात नाव असलं की भरती पुढं ढकलली जायची. म्हणजे ऐपतदाराचं पोरगं वर्गात, आणि मजुराचं, काळ्या माणसाचं पोरगं परक्याच्या भातखाचरात मरायला. अशी सूट मिळालेली पोरंच पुढं युद्धाच्या विरोधात उठली. काहींनी भरतीची कार्डं जाळली. कॉलेजाची सूट नसलेला मुष्टियोद्धा मुहम्मद अली, त्यानं १९६७ साली भरतीला सरळ नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं.

४ मे १९७० ला ओहायो राज्यात केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी गोळ्या घातल्या, चार विद्यार्थी मेले. सगळा देश हादरला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी गोळीबार केला, दोन काळी पोरं मेली. त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहिली? गोळी सारखीच, पण हळहळ सारखी नाही. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडंही ते वारं आलं. कलकत्त्याची पोरं ‘आमार नाम तोमार नाम व्हिएतनाम’ अशी घोषणा द्यायची. युद्धाच्या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्री असलेला मॅक्नामारा जागतिक बँकेचा अध्यक्ष होऊन १९६८ साली तिथं आला, तर पोरं रस्त्यावर उतरली. महाराष्ट्रात युक्रांद उभी राहिली. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्याच साली शहाद्याला श्रमिक संघटना झाली. तिथं मुंबई-पुण्याची शिकलेली पोरं गेली, पण ती जाण्याआधीच अंबरसिंग सुरतवंती हा भिल्लांचाच माणूस उभा होता. पोरांनी त्याला हात दिला. हा क्रम ध्यानात ठेवा.

आता आपल्या मराठवाड्याचं. १९७४ साली विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन केलं. वसमतला गोळीबार झाला. नोकऱ्या पाहिजेत, रुंद रेल्वे पाहिजे, कारखाने पाहिजेत, या मागण्या रास्तच होत्या. पण ज्याच्याकडं सातबारा नाही, त्याचा प्रश्न काही पुढं आला नाही.

आणि चार वर्षांत काय झालं? २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. लगेच विरोधात मोर्चे निघाले, त्यांतही कॉलेजची पोरं पुढं होती. खेड्यापाड्यांत वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. गायरान कसायला घेतल्याचा जुना रागही गावोगाव निघाला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार.

म्हणून आम्ही म्हणतो, विद्यार्थ्यांचं आंदोलन आहे म्हणजे ते गरिबाच्याच बाजूचं असेल, असं नाही. पोरगं कुणाकडं बघून उठतं, त्यावर ते ठरतं.

साथींनो, कॉलेज ही आपल्याकडंही एक सूटच आहे. दिवाळीच्या आगेमागे आपले मायबाप उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. जे लेकरू वसतिगृहात राहिलं, ते फडातून सुटलं. पारध्याच्या पालातलं एखादंच लेकरू तिथवर पोचतं. बाकीच्यांवर चोरीचा आळ आला की पोलीस पालावर येतात, मग कुणी शिकलेलं असो की नसो. सूट मिळाली यात लाज नाही. पण ती एकट्यानं खाऊन टाकायची नसते.

आता कामाचं बोलू. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी कसायला घेतलेलं गायरान नियमित करायचं, असा तो आहे. कागदावर हक्क आहे, पण पुरावा मागतात. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई असतो, त्यात अतिक्रमणाची नोंद होते. दंडाची पावती हाही पुरावा. आपल्या माणसानं दंड भरला आणि पावती पत्र्याच्या डब्यात ठेवली, तिचं मोल त्याला कुणी सांगितलं नाही.

हे काम शिकलेल्या पोरांचं. सुट्टीत गावी याल तेव्हा :
– घरोघर पावत्या, नोटिसा, पंचनामे गोळा करा. नकला काढा, मूळ कागद घरातच राहू द्या.
– तलाठ्याकडं लेखी अर्ज देऊन १-ई ची नक्कल मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.
– नोंदीत बाईचं नाव आहे का बघा. ढेकळं तीही फोडते.
– निर्णय मात्र कसणाऱ्यांच्या बैठकीत होईल. तुम्ही वाचून दाखवा, पुढारपण करू नका.

व्हिएतनामच्या शेतकऱ्यानं आपली जमीन स्वतः लढून राखली. परदेशातल्या पोरांनी त्याच्यासाठी आवाज केला, त्याच्या जागी ती लढली नाहीत. आपल्या पोरांकडून आम्ही तेवढंच मागतो. गायरान आम्ही राखू, कागद तुम्ही राखा.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!