दगड वाढतो का?



मागच्या आठवड्यात वर्गात एका आजींनी विचारले, "गुरुजी, दगड वाढतो का हो?" त्यांच्या नातवाने त्यांना विचारले होते. मी चटकन म्हणालो, "छे! दगड कुठला वाढतोय?" घरी गेल्यावर वाटले, आपण घाई केली. काही दगड वाढतात. त्यांना बांधणारे जीव असतात. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ना? तिथे हिरवट, बुळबुळीत थर असतो. त्यात असंख्य जीव असतात. एकेकटा डोळ्यांना दिसत नाही. तसल्याच एका जिवाला निळे-हिरवे शेवाळ म्हणतात. नाव शेवाळ, पण खरे तर ते जिवाणू.

उथळ समुद्रात हे जिवाणू तळाला चिकटून राहतात. अंगातून चिकट रस सोडतात. पाण्यातली बारीक वाळू, गाळ त्यावर बसतो. पाण्यातला चुनाही तिथे धरतो. गाळाखाली ऊन मिळत नाही. मग जिवाणू वर सरकतात आणि नवा थर धरतात. खालचा थर हळूहळू दगड होतो.

तुमच्या घरची सारवलेली जमीन आठवा. कोपऱ्यात पोपडा निघाला, की सारवणाचे थरावर थर दिसतात. हा दगड फोडला तर तसाच दिसतो. त्याचे नाव स्ट्रोमॅटोलाइट. नाव जड आहे. 'थरांचा दगड' म्हटले तरी चालेल.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथे असे दगड आजही वाढतात. वर्षाची वाढ नखाच्या जाडीएवढी, कधी तेवढीही नाही. हातभर उंचीला हजार वर्षे लागतात! तिथले पाणी समुद्राच्या दुप्पट खारट आहे. थर कुरतडणाऱ्या गोगलगाई त्यात जगत नाहीत, म्हणून हे टिकले. पूर्वी लोकरीच्या गाड्या त्या थरांवरून जात. गाड्या केव्हाच बंद झाल्या. चाकोऱ्या अजून बुजल्या नाहीत.

असे सर्वांत जुने दगड सुमारे ३५० कोटी वर्षांचे आहेत. तेव्हा माणूस नव्हता, झाड नव्हते, मासाही नव्हता. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. निळे-हिरवे जिवाणू उन्हाच्या बळावर आपले अन्न करतात आणि प्राणवायू सोडतात. पहिल्यांदा तो समुद्रातल्या लोखंडाला गंजवण्यात खर्च झाला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. आत्ता आपण बसल्या बसल्या जो श्वास घेतोय, त्याची सुरुवात या बुळबुळीतून झाली.

आपल्या देशातही हे दगड आहेत. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा गाव आहे. तिथल्या थरांच्या दगडांत फॉस्फरस भरपूर आहे. १९६८ साली तो साठा सापडला. तो दगड खणतात, दळतात आणि त्याचे सुपर फॉस्फेट खत होते. तुमच्या शेतात पडलेल्या एखाद्या पोत्यातही तो असेल. पण खणलेला दगड पुन्हा व्हायला किती काळ लागेल, त्याचा हिशेब आत्ताच आपण केला. म्हणून तिथला थोडा भाग न खणता राखून ठेवला आहे.

आता आपला काळा दगड. तो तापलेला लाव्हा थंड होऊन झालाय. तो जिवाणूंनी बांधलेला नव्हे. तेव्हा आजी, नातवाने अंगणातला दगड दाखवला, तर "हा नाही वाढत, बाळा" असेच सांगा. मग शार्क बेची गोष्ट सांगा.