राखण आणि नक्कल



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनसविषयी किंवा कंत्राटी पद्धतीविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी सांगितले की, घरच्या संगणकाची राखण कशी करावी यावर मी बोलणार आहे. कामगार संघटनेच्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, हा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. मी इंजिनिअर नव्हे. जे थोडेफार कळते ते पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून कळले आहे. परंतु संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

आमच्या कामात कागद हा कामगाराचा जीव की प्राण असतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप आपणांस ठाऊक आहे. पुढे कित्येक वर्षांनी गिरण्यांच्या जमिनींवर त्या कामगारांना घरे देण्याची योजना आली. घरासाठी अर्ज करणाऱ्याने आपण गिरणीत होतो हे सिद्ध केले पाहिजे. मग तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, पगाराची पावती यांची शोधाशोध सुरू झाली. गिरणी पाडली गेली होती, भोंगा बंद झाला होता, ज्या मुकादमाने साक्ष द्यायची तो वारला होता. परंतु ज्याच्या घरच्या बाईने तो पिवळा कागद ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवला होता, त्याच्या हक्काला आधार राहिला.

आज ती ट्रंक म्हणजे आपला संगणक होय. पगाराची पावती आता ई-मेलने येते. मुलीची गुणपत्रिका, शेताचा सातबारा, दुकानाचा जमाखर्च, लग्नातले फोटो, सारे त्या एका डबीत. लोखंडी ट्रंक गंजायला वर्षे लागत. ही डबी एका रात्रीत रिकामी होऊ शकते. म्हणून दोन गोष्टी हव्यात: एक राखणदार, आणि दुसरी नक्कल. पहिल्याला अँटिव्हायरस म्हणतात, दुसरीला बॅकअप. पुष्कळांना पहिली गोष्ट पुरेशी वाटते. ती पुरत नाही, एवढेच मला आज पटवून द्यावयाचे आहे.

प्रथम राखणदाराचे पाहू. व्हायरस म्हणजे माणसाने लिहिलेला उपद्रवी प्रोग्रॅम. तो दुसऱ्याच्या यंत्रात शिरतो आणि आपल्या नकला काढत पसरतो. आयबीएमच्या धर्तीच्या छोट्या संगणकांत पसरलेला पहिला व्हायरस ‘ब्रेन’. तो १९८६ साली आपल्या शेजारी लाहोरास दोन भावांनी लिहिला. आपल्या प्रोग्रॅमची चोरटी नक्कल करणाऱ्यांना अद्दल घडावी हा हेतू, असे ते सांगत. गंमत अशी की, त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आजचा चोर इतका सभ्य नाही.

या रोगावर औषध काढणारे एक घर आपल्याकडचेच निघाले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करीत. त्यांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा केला. हाताने काम करणारा माणूस डोक्याचे कामही तितक्याच तोलाने करतो, याचा हा दाखला मला फार आवडतो.

राखणदार ओळखतो कसा? पोलीस चौकीत जशी सराईत गुन्हेगारांची यादी असते, तशी त्याच्याजवळ जुन्या व्हायरसांच्या खुणांची यादी असते. प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. पण नवा चोर यादीत नसतो. म्हणून आताचे राखणदार वागणुकीवरही नजर ठेवतात. एखादा प्रोग्रॅम भराभर शेकडो फाइली बदलू लागला की त्याचा हात धरतात. यावरून दोन गोष्टी निघतात. यादी रोज ताजी झाली पाहिजे. आणि कितीही ताजी असली तरी एखादा चोर निसटणारच.

हे २०१७ साली जगाने पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रोग्रॅम दीडशेच्या वर देशांत पसरला. तो फाइली पळवीत नसे. तो त्यांना जागच्या जागी कुलूप लावी, किल्ली आपल्याजवळ ठेवी, आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. ही खंडणीच. इंग्लंडातील सरकारी इस्पितळांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवण्याचा ठिगळ-प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिला होता. ज्यांनी तो लावला नाही त्यांची दारे उघडी राहिली.

दीड महिन्यानंतर, २७ जूनला, दुसरा तडाखा बसला. ‘नॉटपेट्या’ हा प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत लपून आला. म्हणजे ओळखीच्या माणसाच्या हातून विष आले. तो खंडणी मागे खरा, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय नव्हती. मर्स्क या डेन्मार्कच्या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक त्याने जगभर पुसून टाकले. त्याची झळ आपल्या दारापर्यंत आली. न्हावा शेवा बंदरात या कंपनीच्या ताब्यातील धक्क्याचे काम कोलमडले आणि हाताने नोंदी करून रेटावे लागले. युक्रेनमध्ये पेरलेले उरणला उगवले!

आता यातला खरा धडा ऐका. कोणाला कोठे प्रवेश आहे याची वही ठेवणारी सुमारे दीडशे यंत्रे या कंपनीपाशी होती. एक गेले तर दुसऱ्याने सावरावे, म्हणून ती सारी एकमेकांशी सतत जोडलेली होती. परिणाम असा झाला की, एकाबरोबर सारी गेली. वाचले ते एकच, आफ्रिकेतील घाना देशातले. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. ती डिस्क माणसाने हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली, आणि तिच्या आधारे कंपनी पुन्हा उभी राहिली. दीडशे जोडलेल्या नकला मेल्या; एक तुटलेली नक्कल जगली. भारनियमनाचे असे उपकार आपल्या वाट्याला क्वचितच येतात!

म्हणून नक्कल कशी असावी, हे आपल्या शेतकऱ्याला विचारावे. तो सारे धान्य खाण्याच्या कणगीत ठेवीत नाही. बियाणे वेगळे राखतो, उपास पडला तरी त्याला हात लावीत नाही. जाणत्यांनी याचाच हिशेब तीन, दोन, एक असा सांगितला आहे. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा बहिणीच्या घरी कपाटात.

यात तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, नक्कल उतरून झाली की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ती लावूनच ठेवली तर संगणकाला लागलेले कुलूप तिलाही लागेल. दुसरे, इंटरनेटवर फाइली आपोआप सारख्या राखणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे; इकडे खोडलेले तिकडेही खोडले जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस जपल्या जातात, हे विचारून घ्यावे. तिसरे, आणि हे कोणी करीत नाही, महिन्यातून एकदा नकलेतली एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल म्हणजे न वटणारा चेक.

कोणी म्हणेल, “साहेब, यासाठी पैसा कुठून आणायचा?” प्रश्न रास्त आहे. विंडोज १० आणि ११ यांत डिफेंडर नावाचा राखणदार मुळातच आहे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तो चालू ठेवावा. दोन राखणदार एकाच वेळी नेमू नयेत, ते आपसांतच भांडतात. मात्र विंडोज १० ची नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, हे ध्यानात घ्यावे. चोरीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून घेऊ नये. त्याबरोबर काय येते ते देणारा सांगत नाही. खर्च करावयाचाच झाला, तर तो आधी बाहेरच्या डिस्कवर करावा. राखणदार चुकला तर नक्कल तारते. नक्कल नसेल तर उत्तम राखणदारही गेलेले परत आणीत नाही.

आणि यातून घात झालाच, तर लाजून गप्प बसू नका. पैशाची फसवणूक असेल तर १९३० या नंबरावर ताबडतोब कळवा. खंडणी भरू नका. किल्ली मिळेलच याची हमी नाही, आणि तुमच्या पैशावर चोर पुढच्या घराची तयारी करतो.

शेवटचे सांगणे संघटनेच्या माणसाचे आहे. मालकाच्या दप्तराची नक्कल ठेवायला मालकाकडे पगारी माणसे असतात. तुमच्या घरच्या दप्तराला तुमच्यावाचून कोणी नाही. उद्या हिशेबाचा वाद निघाला आणि त्यांच्याजवळ कागद असून तुमच्याजवळ नसला, तर खरे तुमचे असूनही ते सिद्ध कसे करणार? एकट्याला जमत नसेल तर चाळीने, सोसायटीने, वाचनालयाने महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवावा. ज्याला येते त्याने शेजाऱ्याची नक्कल उतरवून द्यावी, आणि पुढच्या वेळी त्याच्याकडून करवून घ्यावी. घरातल्या तरुण मुलामुलींना या कामाला लावा. त्यांना ते आपल्याहून लवकर येते.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. आज घरी गेल्यावर एकच करा. जे गेले तर परत मिळणार नाही अशा दहा गोष्टींची यादी कागदावर लिहा, आणि त्यांची नक्कल या आठवड्यात उतरवा.